रघूची नववी गुहा

पंढरीनाथ तरे एसटीत कंडक्टर होते. जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी एकाच वाटेवर काढली. भिवंडी, अंबाडी, वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि परत. आमच्या पूर्णा गावात एकेकानं शेत गोडाऊनला दिलं आणि ओट्यावर बसून कंटेनर बघायला सुरुवात केली, तेव्हाही पंढरीकाका पहाटे खाकी चढवून निघायचे. मी त्यांच्या शेजारी राहतो. मधे एक तारेचं कुंपण आहे, तेही आता नावापुरतं उरलंय. ही गोष्ट थोडी मला त्यांनी सांगितली, थोडी मीराकाकींनी, आणि मुख्य भाग कुंपणापलीकडे माझ्या डोळ्यांदेखत घडला.

गणेशपुरीच्या वाटेवर परदेशी माणसं नेहमीच असायची. आश्रमात येणारी, पांढरे सैल कपडे, पाठीला पिशवी, पायात रबरी चपला. साधारण त्र्याण्णव सालची गोष्ट. असाच एक उंच गोरा माणूस भिवंडीला गाडीत चढला, खिडकीशी बसला आणि पिशवीतून एक राखाडी डबी काढून तिच्यात डोकं घालून बसला. काकांनी कानाशी पंच वाजवला तरी त्यानं वर पाहिलं नाही. शेवटी शेजारच्या बाईनं त्याला कोपरानं ढोसलं तेव्हा त्यानं तिकीट काढलं. गणेशपुरीला सगळी गाडी रिकामी झाली, हा मात्र बसूनच. मग एकदम उठला, दारापर्यंत गेला, तिथून परत आला आणि डबी काकांच्या हातात ठेवली. मोडक्या हिंदीत म्हणाला, "आप रखो. ये मुझे छोड़ता नहीं."

काकांना वाटलं, सांभाळायला दिली असेल. पुढच्या फेऱ्यांना ते त्याची वाट बघत राहिले. एकदा तो रस्त्याच्या कडेनं चालताना दिसला तेव्हा त्यांनी खिडकीतून डबी उंच धरून दाखवली. त्यानं लांबूनच हात जोडले आणि तोंड फिरवलं. त्या माणसानं मोह सोडला आणि तो आपल्याला चिकटला, असं काका हसत सांगतात.

तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम होता. हिरवट पडदा, डाव्या अंगठ्याखाली अधिकाच्या खुणेसारखं बटण, उजव्या अंगठ्याखाली दोन गोल बटणं, मागे चार पेन्सिल सेल. वरच्या खाचेत एकच कॅसेट, तिच्यातला खेळही एकच. पाठीवर गोणी घेतलेला एक इवलासा माणूस गुहांमधून उड्या मारत जातो. वटवाघळं येतात, दगड पडतात, पाय घसरला की तीन जीवांतला एक जातो आणि तिन्ही गेले की पहिल्या गुहेपासून पुन्हा सुरू. एकूण गुहा बारा. काकांनी त्या माणसाचं नाव रघू ठेवलं. रघूच का, असं विचारलं तर म्हणतात, चेहऱ्यावरनंच तो रघू वाटला.

गणेशपुरीला गाडी थोडा वेळ उभी असायची. ड्रायव्हर सावळाराम मागच्या बाकावर आडवा व्हायचा आणि काका रघूला घेऊन बसायचे. मग एकदा चालत्या गाडीतही बसले. नेमका त्याच दिवशी वज्रेश्वरीला चेकर चढला आणि गाडीत दोन माणसं बिनतिकिटाची निघाली. काकांना चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवसापासून गेम घरी आला, कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत जाऊन बसला आणि फक्त रविवारी, सुट्टीच्या दिवशी, खाली उतरू लागला.

रविवारी काका अंघोळ करून ओट्यावर बसायचे. आठवी गुहा पार झाली की घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं "गेला!" म्हणायचे. नववीत मात्र रघू हमखास मरायचा. तिथे आगीच्या नदीवर एक झुलता पूल होता आणि पुलावर वटवाघळांची ये-जा. वटवाघूळ जाईपर्यंत थांबावं तर वरून दगड पडतो, न थांबावं तर वटवाघूळ खातं. वर्षानुवर्षं काका त्या पुलावर अडकले होते.

त्यांची आणखी एक तक्रार होती. सेल टिकायचे नाहीत. आठवड्यातून एकच दिवस गेम खेळायचा आणि सेल बघता बघता मेलेले. त्यावरून गावातल्या केसरीनाथशी त्यांचं वाजलं. केसरीनाथचं किराणा दुकान होतं आणि सेल तिथूनच यायचे. तू शिळे सेल विकतोस, असं काका म्हणाले. केसरीनाथनं पोराबाळांच्या शपथा घेतल्या. बरेच दिवस दोघं एकमेकांना रामराम करत नव्हते.

पुढे घरात कामं वाढली. मुलगा भावेश शाळेत जायला लागला, काकांची आई अंथरुणाला खिळली, गेम कपाटावरच राहिला. एके दिवशी उघडून बघतात तर सेल फुटून त्यातलं पाणी आत झिरपलेलं, सर्किट हिरवं पडून कुजलेलं. काकांनी डबी पुसली, जुन्या खाकी शर्टात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवून दिली. तिथे ती वीस वर्षांहून जास्त राहिली.

रिटायर झाल्यावर डेपोत शाल-नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळेला काकांना जाग आली. मीराकाकी म्हणाल्या, परत झोपा. त्यांना झोप येईना. ते गावात फिरायला लागले, पण आमच्या गावात फिरायचं म्हणजे ट्रकांच्या मधून अंग चोरत जायचं. घरी बसले की मीराकाकींना कामात सूचना द्यायचे. शेवटी मीराकाकींनीच त्यांना एका कामावर धाडलं. काकींच्या मोबाइलची काच फुटली होती. निघताना काकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ट्रंक उघडली आणि ती राखाडी डबीही पिशवीत टाकली.

भिवंडीत स्टँडजवळच्या गल्लीत धम्मदिना रोकडे हिचा मोबाइल दुरुस्तीचा गाळा आहे. तिशीच्या आतली मुलगी, आयटीआय केलेली. आधी ती लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, इलेक्ट्रॉनिक कार्डांची दुरुस्ती करायची, मग स्वतःचं दुकान टाकलं. काच बदलून होईपर्यंत काकांनी डबी काढून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, हिचं काही होईल का. तिनं स्क्रू काढले, आत बघितलं आणि सरळ सांगितलं की हे सर्किट परत जिवंत होणार नाही. काका डबी उचलायला लागले तेव्हा तिनं ती धरून ठेवली. बॉडी चांगली आहे म्हणाली. बटणं चांगली आहेत. हल्ली बिस्किटाएवढा कॉम्प्युटर मिळतो, नवा छोटा डिस्प्ले मिळतो. आतलं सगळं नवीन टाकून असा गेम बनवतात, हे तिनं मोबाइलवर बघितलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं, पण करून बघायची इच्छा होती.

"मी करून देणार नाही," ती म्हणाली. "मला दुकान आहे. तुम्ही करा, मी शिकवते. काका, तुम्हाला वेळ आहे ना?"

वेळच तर होता.

दुसऱ्या दिवसापासून काका दहाच्या सुमारास डबा घेऊन गाळ्यात हजर व्हायला लागले. पहिल्यांदा धम्मदिनानं त्यांच्यापुढे मेलेल्या मोबाइलच्या सर्किट-पट्ट्यांचा ढीग टाकला आणि सोल्डरिंगचा सराव करायला लावला. काकांची बोटं जाड. शिशाचा थेंब पडायला हवा तिथे गोळा पडायचा, नाहीतर दोन टोकं एकमेकांना चिकटायची. एकदा गरम टोक शर्टाच्या बाहीला लागलं. धम्मदिना रागवायची नाही, पण काम बघून "परत" एवढंच म्हणायची. कंडक्टरकीत एवढ्या वेळा कुणी मला परत पाठवलं नव्हतं, असं काका घरी येऊन सांगायचे. मीराकाकी म्हणायच्या, बरं झालं.

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी गाळ्यासमोर कामगारांची ही गर्दी उसळायची. कुणाचा स्पीकर गेलेला, कुणाचं चार्जिंग होत नाही, सगळ्यांना संध्याकाळच्या आत मोबाइल हवा. शुक्रवारी काकांना सोल्डरिंगला जागाच मिळेना, तेव्हा ते काउंटरच्या बाहेर उभे राहून गर्दीची रांग लावायला लागले. "पुढे सरका, दार सोडा, आगे चलो भाई," असं त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं. लोक हसत पण रांगेत उभे राहत. एका लूमवाल्यानं टेबलावरची राखाडी बॉडी बघितली आणि ती दोन्ही हातांत घेऊन उभाच राहिला. त्याच्या मामाकडे गावात अगदी अशीच होती म्हणाला. मग तो दर शुक्रवारी काम असो नसो यायचा आणि विचारायचा, "चाचा, कहाँ तक पहुँचा?"

काम हळूहळू पोचत होतं. आतले प्लॅस्टिकचे खांब कापून जागा करायची होती. नवा डिस्प्ले आला तो धम्मदिनाच्या हिशेबापेक्षा थोडा मोठा निघाला. परत पाठवते म्हणाली, पण काकांनी कानस आणली आणि बॉडीची खिडकी चारी बाजूंनी घासायला बसले. घासायचं, डिस्प्ले लावून बघायचा, परत घासायचं. दोन दिवस त्यांच्या अंगाखांद्यावर राखाडी भुसा होता. डिस्प्ले बसला तेव्हा मधे नखभरही फट नव्हती आणि धम्मदिना पहिल्यांदाच "परत" म्हणाली नाही. बॅटरीच्या बाबतीत मात्र ती हट्टी. काका घरून जुन्या मोबाइलची बॅटरी घेऊन गेले होते, जरा फुगलेली. ती तिनं हातात घेऊन थेट बाजूला ठेवली आणि नवीच घालायला लावली. स्पीकर एका मोडक्या मोबाइलमधला चालला.

खेळ कुठून आणायचा, हा प्रश्न होता. कॅसेट अजून होती. धम्मदिनानं स्पिरिटमध्ये कापूस बुडवून तिचे पितळी दात पुसले आणि एक छोटं यंत्र मागवलं. त्यात कॅसेट बसवली की आतला खेळ कार्डावर उतरतो. पहिल्यांदा काही आलं नाही. पुन्हा पुसलं, पुन्हा बसवलं. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोणी घेतलेला तो माणूस उगवला, तोच चेहरा, तशीच टोपी. काका उठून बाहेर गेले आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आले.

सगळं जोडून झालं त्या दिवशी आणखी एक गंमत झाली. काकांनी बटणाच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. डावीकडे दाबलं की रघू उजवीकडे जायचा. धम्मदिनानं लगेच दुरुस्त करायला घेतलं, पण काकांना धीर नव्हता. ते तसाच गेम घेऊन घरी आले आणि उलट्याला उलटं दाबत खेळले. दोन दिवसांत हात असा बसला की वायरी सरळ झाल्यावर रघू पहिल्याच गुहेत भिंतीवर आपटायला लागला. त्यांचा अंगठा पुन्हा वळणावर यायला आठवडा गेला.

आता जे सांगतो ते मी स्वतः बघितलं. दुपारची वेळ होती. मी कुंपणाशी पाण्याचा फुटका पाइप बांधत बसलो होतो. काका ओट्यावर खांबाला टेकून खेळत होते आणि थोड्या अंतरावर मीराकाकी सुपात तांदूळ पाखडत होत्या. आठवी गुहा पार झाल्याचं "गेला!" मी ऐकलं. मग नववी सुरू झाली. एक जीव गेला. दुसरा गेला. शेवटचा रघू पुलावर चढला आणि वटवाघळासाठी थांबला.

मीराकाकींनी सुपातून मान वर न काढता म्हटलं, "पुलावर थांबू नका. खाली उडी मारा."

"खाली आग हाय."

"ती आग न्हाय. नुसती दिसते."

काकांनी वैतागूनच उडी मारली असावी. रघू आगीतून आरपार गेला आणि खालच्या एका पायरीवर उभा राहिला. बाजूला दहाव्या गुहेचं दार होतं. काकांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. दहाव्या गुहेत वरून एक धोंडा पडला, रघू मेला, खेळ संपला. काकांनी ते बघितलंच नाही. ते मीराकाकींकडे बघत होते.

"तुला कसं ठाव गो?"

"दहाव्यात आत गेल्या गेल्या धोंडा पडतो. थांबायचं न्हाय," काकी म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं, सूप खाली ठेवलं आणि त्यांनी सांगितलं.

गेम घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो कपाटावरून काढला होता. नवीन लग्न, घरात सासू-सासरे, दुपारी सगळे झोपलेले आणि नवरा गणेशपुरीच्या वाटेवर. रविवारी ओट्यावर जे चालतं ते आपल्यालाही जमतं का, एवढंच बघायचं होतं. आवाज बंद करायचं बटण त्यांनी आधी शोधून काढलं. मग रोज दुपारी भांडी झाली की दार लोटून बसायच्या. पुलाचं कोडं अपघातानं सुटलं, पाय घसरून खाली पडल्या आणि मेल्याच नाहीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या बाराव्या गुहेत पोचल्या होत्या. खेळून झालं की डबी पुसून, पिशवीला तशीच घडी घालून कपाटावर ठेवायच्या. पुढे सासूबाई आजारी पडल्या आणि दुपार उरली नाही.

काका उठले, आत जाऊन पाणी प्यायले, परत आले. मला वाटलं, आता चिडणार. त्यांनी एकच विचारलं.

"शेवटपर्यंत किती वेळा गेलीस?"

"मोजायचं सोडलं मी."

मग हे मला सांगितलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं. काकींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. म्हणाल्या, "आठवी गुहा झाली की तुमी किती खूश व्हायचा. मी बारावीचं सांगितलं असतं, तर तुमी गेम हातात धरला असता का?"

काकांनी गेम पुढे केला. मीराकाकींनी पदराला हात पुसले आणि घेतला. मी पाइप तसाच टाकून कुंपण ओलांडलं. पहिल्या दोन गुहांत त्यांचं बोट अडखळलं, एक जीव गेलाही. तिसरीपासून मात्र असं वाटलं की त्या मधली वीस-पंचवीस वर्षं रोज खेळत होत्या. चष्मा नाकावर घसरलेला, ओठ मिटलेले, आणि दोन्ही अंगठे भाकरी थापावी तशा लयीत चाललेले. मधूनच रघूला हळूच बोलायच्या, "चल बाबा, चल." काका त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. नववीत त्या पुलावर पाय न ठेवताच उडी घालून गेल्या. दहाव्यात धोंडा पडायच्या आत पलीकडे. अकरावी काका पहिल्यांदाच बघत होते, तिथे पाणी होतं आणि मासे. बारावीत नुसता अंधार, रघूच्या हातातल्या कंदिलापुरता उजेड.

शेवटी रघू डोंगराबाहेर येतो. समोर एक छोटं घर असतं. तो गोणी खाली ठेवतो, घराचं दार उघडतं, दारात एक बाई उभी असते. एवढंच. मग पडदा काळा होतो आणि पुन्हा पहिली गुहा.

"संपला?" काकांनी विचारलं.

"संपला. घरी पोचला."

पहिल्यांदा तो असा पोचला तेव्हाची गोष्ट काकींनी मग सांगितली. भर दुपारी, घर झोपलेलं, आणि सांगायला कुणी नाही. राहवेना म्हणून त्या मागच्या दारानं शेजारी ठकुबाईंकडे गेल्या. त्या माझ्या आजी. दारातच काकी म्हणाल्या, "पोचला." आजीला वाटलं, पंढरीची गाडी वेळेत पोचल्याचा निरोप आला. तिनं देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर काकींच्या हातावर दिली. काकींनी ती खाल्ली आणि घरी आल्या. हे ऐकून काका इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

त्याच संध्याकाळी ते केसरीनाथच्या दुकानात गेले. केसरीनाथ आता ट्रकवाल्यांना थंडा आणि वेफर विकतो. काकांनी त्याला सेलांचा उलगडा सांगितला आणि एवढ्या वर्षांनी माफी मागितली. केसरीनाथ म्हणाला, माफी राहू दे, गेम दाखव. रात्री दुकान बंद करायला त्याचा मुलगा आला तेव्हा हा तिसऱ्या गुहेत होता.

यानंतर घरात भांडण सुरू झालं, आणि ते खरंखुरं होतं. गेम एक, माणसं दोन. काका म्हणत, मी बनवला. काकी म्हणत, तुमाला खेळता कुठं येतो. दुपार कुणाची आणि संध्याकाळ कुणाची यावरून रोज बोलाचाली. हे कानावर गेलं तेव्हा धम्मदिना म्हणाली, दुसरा बनवा. काका लगेच तयार झाले, पण मीराकाकींनी त्यांना थांबवलं. माझा मी बनवणार, म्हणाल्या.

बॉडी शोधायला तिघंही भंगारच्या गोडाऊनला गेले. तिथे मोडक्या इलेक्ट्रॉनिक सामानाचे डोंगर असतात. काका आपल्यासारखीच राखाडी बॉडी शोधत होते. काकींनी त्या ढिगातून एक वांगी रंगाची उचलली, आडवी, कुठल्या तरी जुन्या खेळण्याची, एका कोपऱ्याला तडा गेलेली. ती हातात चांगली बसते म्हणाल्या. बटणं मात्र तिला बारीक होती आणि काकींच्या अंगठ्याचा सांधा हल्ली दुखतो. मोठी बटणं कुठून आणायची यावर धम्मदिना विचार करत होती तोवर काकींनी घरी जाऊन सोय केली. भावेशच्या लग्नातली शेरवानी कपाटात होती, तिची सोनेरी नक्षीची मोठी बटणं त्यांनी कात्रीनं कापून आणली आणि आतल्या बटणांवर चिकटवायला लावली. भावेशला हे मित्राच्या हळदीला जायच्या दिवशी कळलं. तो शेरवानी पुढून हातानं धरूनच हळदीला जाऊन आला.

मीराकाकी दुपारचं जेवण उरकून काकांबरोबर गाळ्यात जायला लागल्या. त्यांनाही आधी मेलेल्या मोबाइलच्या पट्ट्या मिळाल्या. काका बाजूला उभे राहून शिकवत. थेंब एवढा नको, गन अशी धरू नको, घाई नको. धम्मदिनानं एकदा त्यांना बाहेर शुक्रवारच्या रांगेकडे पाठवलं तेव्हा काकींचं काम सरळ व्हायला लागलं. पण काकींनाही काही सगळं सोपं गेलं नाही. डिस्प्लेची पट्टी त्यांच्या हातून एकदा तुटली. त्या दिवशी परतीच्या वाटेवर काकांनी एकही सूचना केली नाही. दुसरी पट्टी काकांनी धरून ठेवली आणि काकींनी जोडली. मामाच्या गेमची आठवण काढणारा तो लूमवाला आता दोन्ही गेमांची चौकशी करायचा. काकींना तो चाची म्हणतो आणि गावाहून येताना त्यांच्यासाठी सत्तू आणतो. आता काका त्याच्यासाठीही एक बॉडी शोधतायत.

वांगी गेम सुरू झाला त्या दिवशी धम्मदिनानं त्यात रघूच्या जोडीला आणखी एक खेळ घातला. दोघांनी मिळून खेळायचा. दोन्ही गेम वायफायवर एकमेकांना जोडले की दोन्ही पडद्यांवर एकच होडी दिसते. डावं वल्हं एकाच्या हातात, उजवं दुसऱ्याच्या. दोघांनी एकाच वेळी मारलं तरच होडी सरळ जाते.

परवा दुपारी भावेश जेवायला घरी आला. तो जवळच्याच एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला आहे. ओट्यावर दोघं समोरासमोर बसले होते, मान खाली, आणि होडी जागच्या जागी गरागरा फिरत होती.

"तुमी घाई करता."

"तू मागं राहतेस."

"मी बरोबर मारते हाय. एक म्हटलं की मारा. एक."

होडी खडकावर आपटली. मीराकाकी हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पुन्हा सुरूचं सोनेरी बटण दाबलं. भावेशनं विचारलं, जेवायला काय आहे. दोघांपैकी कुणाला ऐकू गेलं नाही. तो आत गेला, कुकर उघडून बघितला, रिकामा होता. मग त्यानंच तांदूळ धुतले, कुकर चढवला आणि शिट्टी होईपर्यंत दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला. बाहेरून काकांचा आवाज येत होता, एक, एक, एक, आणि होडी आता हळूहळू पुढे सरकत होती.